मेजर आमचा, मायनर तुझा?

बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की आपल्या शारजातल्या मराठी घरांतल्या गप्पांचा नूर बदलतो. एरवी घरभाडे, दुबईच्या रस्त्यावरची वाहतूक आणि सुट्टीची विमानाची तिकिटे यांभोवती फिरणारी चर्चा एकाएकी 'पुढे काय?' या प्रश्नावर येऊन थांबते. रोल्लाच्या बागेत फेरी मारताना, अल अरूबा रस्त्यावर भाजी घेताना, अगदी इमारतीच्या लिफ्टमध्येसुद्धा हाच प्रश्न. मी पेशाने हिशेबनीस आहे. त्यामुळे पालक चार वर्षांच्या फीचा हिशेब मांडायला येतात आणि मुले अकाउंट्सच्या शंका घेऊन येतात. साहजिकच दोन्ही बाजू कानावर पडतात.

आमच्या वेळी हा प्रश्न तसा सोपा होता. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स, एवढे ठरले की घरातली बैठक संपायची. आता त्यात 'मेजर' आणि 'मायनर' हे दोन शब्द आले आहेत. मेजर म्हणजे ज्या विषयात पदवी मिळणार तो मुख्य विषय. मायनर म्हणजे त्याच्या जोडीला घेतलेला दुसरा, कमी तासांचा पण नीट आखलेला विषय. आपल्या युनिव्हर्सिटी सिटीत १९९७ साली सुरू झालेल्या अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ शारजामध्ये ही पद्धत आहे. आता ती फक्त अमेरिकन राहिलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि इतर महाविद्यालयांत २०२४-२५ पासून मेजर-मायनरची रचना आली. म्हणजे मुलाला इथे ठेवा नाहीतर पुण्याला आजीकडे पाठवा, प्रश्न चुकत नाही.

या दोन शब्दांनी आपल्या घरांत एक नवी तडजोड रुजवली आहे. तिचे नाव मी 'मेजर आमचा, मायनर तुझा' असे ठेवले आहे. मुलाला मानसशास्त्र शिकायचे असते, वडिलांना वाटते कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. चार दिवस अबोला, दोन दिवस आईची मध्यस्थी, आणि मग तोडगा निघतो: मेजर कॉम्प्युटरचा, मायनर मानसशास्त्राचा. सगळ्यांचे समाधान! वडील म्हणतात, मी हुकूमशहा नाही. आई म्हणते, घरात शांतता आली. मुलगाही म्हणतो, ठीक आहे.

ही तडजोड न्याय्य आहे का, एवढाच प्रश्न मला या लेखात विचारायचा आहे. दिसायला हा प्रश्न प्रवेशाच्या फॉर्मचा आहे. थोडे खोलात गेले की तो आईबाप आणि मुले यांनी एकमेकांचे काय देणे लागावे, असा प्रश्न होतो.

माझ्या परिचयातल्या एका मुलीने ही तडजोड स्वीकारली होती. हुशार, मेहनती मुलगी. पहिली दोन वर्षे उत्तम गेली. तिसऱ्या वर्षी तिने मायनर सोडले, तेव्हा त्यातले फक्त दोनच कोर्स राहिले होते. वडिलांना फार वाईट वाटले. "आम्ही तिचे ऐकले होते, तिच्या आवडीचा विषय तिला दिला होता, तोच तिने टाकला," असे ते मला म्हणाले. काही दिवसांनी ती भेटली, तेव्हा मी सहज विषय काढला. ती शांतपणे म्हणाली, "काका, तडजोड आम्हा दोघांत झाली होती, पण अभ्यास दोन्हींचा मीच करत होते."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. व्यवहारात तडजोड होते तेव्हा दोन्ही पक्ष काहीतरी सोडतात. इथे वडिलांनी काय सोडले? त्यांना हवा असलेला विषय त्यांना पूर्ण मिळाला. मुलीलाही तिचा विषय मिळाला, पण वडिलांच्या विषयावर वर म्हणून. दोन्ही मागण्या मान्य झाल्या आणि दोन्हींचे बिल एकाच्याच नावावर फाटले. हिशेबाच्या भाषेत याला तडजोड म्हणत नाहीत.

बिल किती होते तेही पाहू. अमेरिकन पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास वर्ग आणि त्या तासामागे दोन तास स्वतःचा अभ्यास, असे धरतात. एका सत्रात १५ क्रेडिट घेतले तर १५ तास वर्ग आणि ३० तास अभ्यास, म्हणजे आठवड्याला ४५ तास झाले. मायनरसाठी एकूण साधारण १५ ते १८ क्रेडिट, म्हणजे पाच-सहा कोर्स लागतात. कला किंवा वाणिज्य शाखेत ऐच्छिक विषयांना बरीच जागा असते, तिथे हे पाच-सहा कोर्स सामावून जातात. इंजिनिअरिंगच्या वेळापत्रकात मात्र अशा मोकळ्या जागा मोजक्याच. तिथे मायनर बहुतेक वेळा वरचे ओझे म्हणून येते. सत्राला १८ क्रेडिट झाले की आठवडा ५४ तासांचा होतो. शिवाय रोल्लाहून बसने जाणे-येणे, प्रयोगशाळेचे अहवाल आणि परीक्षेचे आठवडे वेगळेच.

आता याच देशाचा कामगार कायदा पाहा. खाजगी नोकरीत आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा आहे. त्यापुढे काम करून घेतले तर निदान सव्वापट दराने पैसे द्यावे लागतात. बापाकडून मालकाने ज्या मर्यादेपलीकडे जादा पैसे दिल्याशिवाय काम करून घेऊ नये असे कायदा म्हणतो, ती मर्यादा मुलगी रोज ओलांडत होती, आणि घरात सगळे म्हणत होते, "कॉलेजचे दिवस म्हणजे मजा!"

असे लिहिले की पालक खलनायक ठरतात. तसे मला म्हणायचे नाही. त्या वडिलांना मी अनेक वर्षे ओळखतो. २०२० च्या करोनात त्यांची नोकरी गेली होती, चार महिने घरात पगार नव्हता, आणि त्या चार महिन्यांत त्यांनी मुलांना त्याची झळ लागू दिली नाही. आपण इथे कितीही वर्षे राहिलो तरी आपला मुक्काम व्हिसाच्या तारखेपुरता असतो. आपल्याला निवृत्तिवेतन नाही. नोकरी संपते तेव्हा पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि पुढच्या वर्षांसाठी वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार हातात येतो, आणि आयुष्याची बेरीज तिथे थांबते. मुलाचे शिक्षण आणि मुलाचा व्हिसा हे दोन कागद तर अनेक वर्षे एकाच टाचणीने जोडलेले होते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की वडिलांच्या व्हिसावर राहण्यासाठी तो शिकत असावा लागे. २०२२ च्या नव्या नियमांनी ही मर्यादा २५ वर्षांपर्यंत नेली, तेव्हा कितीतरी घरांनी सुटकेचा श्वास टाकला. विद्यापीठाची एका वर्षाची फी रोल्लातल्या लहानशा घराच्या वर्षाच्या भाड्याहून जास्त असते. अशा माणसाने 'आधी पोटोबा मग विठोबा' म्हटले तर त्याला हावरट कसे म्हणायचे? त्याला भीती वाटते, आणि त्या भीतीला आधार आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक भाबडेपणा आहे. आजकाल सगळीकडे सांगतात, 'आवडीचे शिका, बाकी आपोआप होईल.' अठराव्या वर्षी आवड कळते कुठे? ज्या मुलाने अर्थशास्त्राचे एक पुस्तक वाचलेले नाही, त्याला अर्थशास्त्र आवडत नाही असे तो कशावरून म्हणतो? मला तर असे दिसले आहे की आवड पुष्कळदा अभ्यासाच्या मागून येते. विषयात दोन वर्षे घाम गाळला, एखादे अवघड प्रकरण स्वतःच्या बळावर सुटले, की मग तो विषय आपला वाटू लागतो. तेव्हा वडिलांना भविष्य कळते हे जसे खरे नाही, तसे मुलाला स्वतःचे मन कळते हेही पूर्ण खरे नाही. अंधारात दोघेही आहेत.

दोघेही अंधारात असतील तर मग ठरवायचे कोणी? इथे आपल्या घरांत एक वाक्य येते, क्वचित मोठ्याने, बहुधा न बोलता: "आम्ही तुझ्यासाठी एवढे केले." या वाक्यात एक कर्ज आहे, आणि पदवी हा त्याचा हप्ता आहे असे गृहीत धरलेले आहे. हिशेबनीस म्हणून मला या कर्जाची नोंद तपासावीशी वाटते.

आपल्या परंपरेत ऋणाचा विचार फार जुना आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. तिथे ते विधान ब्राह्मणाविषयी आहे. शतपथ ब्राह्मणात मात्र जो कोणी जन्माला येतो तो ऋण घेऊनच येतो असे म्हटले आहे, आणि माणसांचे ऋण हे चौथे ऋण जोडले आहे. आता प्रत्येक ऋण कसे फेडायचे ते पाहा. देवांचे यज्ञाने. पितरांचे पुढची पिढी वाढवून. माणसांचे अतिथीला अन्न आणि आसरा देऊन. आणि ऋषींचे अध्ययन करून.

या यादीत माझ्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे आईवडिलांच्या पिढीचे ऋण मागे फेडायचे नसते, पुढे फेडायचे असते. माझ्या वडिलांनी मला वाढवले, मी माझ्या मुलांना वाढवतो, आणि तो हिशेब तिथे मिटतो. मुलांवर केलेला खर्च हे आपण मुलांना दिलेले कर्ज नव्हे. आपल्या वाडवडिलांचे जे देणे होते, तेच आपण चुकते केले. एकच रक्कम एका वहीत फेड म्हणून आणि दुसऱ्या वहीत येणे म्हणून लिहिली, तर कोणताही ऑडिटर आक्षेप घेईल.

दुसरी गोष्ट अशी की शिक्षण हे पितृऋणाच्या खात्यावर नाहीच. ते ऋषिऋणाच्या खात्यावर आहे. ज्यांनी ज्ञान शोधले, तपासले, जपले, त्यांचे देणे आपण शिकून फेडतो. विद्यार्थी आपल्या विषयाचे देणे लागतो. तो विषय प्रामाणिकपणे शिकणे, न समजलेले समजले असे न म्हणणे, नक्कल न करणे, जे खरे दिसले ते लिहिणे, अशी ही फेड असते. पदवीने आईबापांचे कर्ज फेडायला निघालेला मुलगा एका खात्याचा हप्ता दुसऱ्या खात्यात भरतो, आणि शेवटी दोन्ही खाती अपुरी राहतात.

आईवडिलांची काळजी घेणे हे कर्तव्य नाही असा याचा अर्थ नव्हे. ते आहेच. पण म्हाताऱ्या आईचा हात धरून तिला दवाखान्यात नेण्यासाठी कोणता ठराविक मेजर लागत नाही.

ज्ञानाचे देणे आणि पैसे देणाऱ्याचे देणे यांतला फरक समजून घ्यायचा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे पाहावे. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचे होते. जातीमुळे तो विषय नाकारला गेला आणि फारसी घ्यावी लागली. विषय निवडण्याचा हक्क दुसऱ्याच्या हातात असला की काय होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीला अट होती: परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. म्हणजे हेही एक कर्जच. पण ते कागदावर होते, मुदतीचे होते, आणि घेणाऱ्याने वाचून सही केलेली होती. परतल्यावर १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झालेही, पण त्या शहरात एका अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या विद्वानाला राहायला जागा मिळेना, आणि काही दिवसांतच त्यांना ते शहर सोडावे लागले. आपल्या घरांतल्या कर्जाला ना कागद, ना मुदत. मुलाला ते कधी फिटले हे कळायला मार्गच नाही.

कोलंबियात त्यांनी घेतलेले विषयही पाहण्यासारखे आहेत. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी १. एकूण ६०. आजच्या शब्दांत अर्थशास्त्र हे त्यांचे मेजर. त्यातूनच पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला. पण भारतातल्या जातींवरचा त्यांचा पहिला महत्त्वाचा निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात. साठांपैकी अवघे चार कोर्स असलेल्या विषयात! पुढे आयुष्यभर ज्या प्रश्नाशी ते झुंजले, त्याची पहिली शास्त्रीय मांडणी त्या 'छोट्या' विषयात झाली.

यावर कोणी म्हणेल, बघा, त्यांनी साठ कोर्स केले, आणि आमच्या मुलांना सहा जड होतात! हे उदाहरण मुलांच्या डोक्यात मारण्यासाठी मी दिलेले नाही. अलौकिक माणसाच्या मापाने आपल्या मुलांना मोजणे हाही अन्यायच. मला त्यात वेगळे काही दिसते. ते साठही कोर्स एकाच प्रश्नाकडे जात होते: हा समाज असा का आहे आणि तो बदलेल कसा? त्यांतला एकही कोर्स दुसऱ्या कोणाचे मन राखण्यासाठी घेतलेला नव्हता. त्या मुलीचे ५४ तास मात्र दोन दिशांना ओढले जात होते. कॉम्प्युटरचा अभ्यास करताना तिला वाटे आपण आपला विषय टाकतो आहोत, आणि मानसशास्त्र वाचताना वाटे आपण बाबांचा वेळ चोरतो आहोत. दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहणाऱ्याला दमायला चालावे लागत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जास्त जवळचे आहे, कारण ते परदेशात नोकरीला गेलेल्या मराठी बापाच्या मुलीचे आहे. गणेश हरी करमरकर ब्रह्मदेशात इंजिनिअर होते. १९०५ मध्ये तिथे जन्मलेल्या मुलीचे नाव त्यांनी तिथल्या नदीवरून ठेवले, इरावती. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवले. आपल्यातल्या कितीतरी घरांनी मुलांना असेच आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात पाठवले आहे, तेव्हा त्या बापाचे मन आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. इरावतीबाईंनी फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली, मग मुंबईत घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, आणि मग बर्लिनला मानववंशशास्त्र. तीन टप्प्यांवर तीन विषय. जर्मनीला जाणे सासऱ्यांना, म्हणजे प्रत्यक्ष महर्षी कर्व्यांना, पसंत नव्हते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसालाही घरातल्या सुनेच्या बाबतीत ते सोपे गेले नाही, यात आपल्यासाठी थोडा दिलासा आहे आणि थोडा इशाराही. पती दिनकररावांच्या पाठिंब्यावर त्या गेल्या.

बर्लिनला त्यांना कवट्यांच्या मोजमापाचे काम मिळाले. कवटीच्या दोन बाजूंतल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसेल, अशी मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापात तसा संबंध दिसला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. परक्या देशात, पंचविशीच्या आत, आपली पदवी ज्याच्या हातात आहे त्याच्या मताविरुद्ध! मी ज्याला ऋषिऋण म्हणतो ते हे. विषयाचे देणे त्यांनी मार्गदर्शकाच्या मर्जीच्या वर ठेवले. 'युगान्त' लिहिणारी लेखिका महाभारतातल्या माणसांकडे भाबड्या भक्तीशिवाय पाहू शकली, याचे मूळ मला या प्रामाणिकपणातही दिसते. ब्रह्मदेशातल्या त्या इंजिनिअर बापाच्या पैशाचे काय झाले, असे कोणी विचारले तर मी म्हणेन की तो पैसा सार्थकी लागला. वसूल झाला की नाही, हा प्रश्नच गैरलागू आहे.

आपल्या रोल्लाचे नावच मुळी एका वडाच्या झाडावरून पडले आहे. ते झाड १९७८ मध्ये पडले. आता चौकात त्याची आठवण म्हणून स्मारक उभे आहे. वड आपल्याला परका नाही. त्याची पारंबी फांदीतूनच निघते, पण जमिनीला टेकल्यावर तिथल्या मातीतले पाणी ती स्वतः ओढते, आणि मगच जाड होऊन त्याच फांदीला खांब होते. हवेत लोंबणारी पारंबी झाडाचेच पाणी पिते. मुलाने आपल्याला आधार द्यावा असे वाटत असेल, तर आधी त्याला स्वतःच्या मातीपर्यंत पोचू द्यावे लागते.

मग पालकांनी गप्प बसावे का? मुळीच नाही. पैसे देणाऱ्याचे काही हक्क खरे आहेत, आणि ते उघडपणे बजावले तर कोणाचेच नुकसान होत नाही. घरात किती पैसा आहे आणि तो किती वर्षे पुरेल, हे मुलाला आकड्यांत सांगण्याचा पालकांना हक्क आहे. माझ्या मते ते त्यांचे कर्तव्यच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो, पण अंथरूण किती लांब आहे हेच मुलाला सांगत नाही. "या विद्यापीठाची फी आपल्याला झेपणार नाही" हा नकार स्वच्छ आहे. मुलाला वाईट वाटेल, पण तो दुसरा मार्ग शोधू शकेल. पुणे-मुंबई आहे, एनआयटीमध्ये आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी जागा आहेत, दुबईतच भारतीय विद्यापीठांच्या शाखा आहेत. "आम्ही तुझ्यासाठी एवढे केले, म्हणून तू हेच शीक" हा नकार मात्र स्वच्छ नाही. पहिल्या वाक्यात वस्तुस्थिती आहे, दुसऱ्यात गळ आहे. पुष्कळदा आपल्याला पहिले वाक्य बोलायला लाज वाटते म्हणून आपण दुसरे बोलतो. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचाच हा प्रकार.

आपली इच्छा इच्छा म्हणून सांगण्याचाही पालकांना हक्क आहे. "तू इंजिनिअर व्हावेस असे मला वाटते, कारण मला तुझ्या पोटाची काळजी वाटते," असे एखाद्या बापाने म्हटले, तर मुलगा त्यावर विचार करतो. कदाचित तेच निवडतो. स्वतः निवडलेले कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि लादलेले कॉम्प्युटर इंजिनिअरिंग यांची पुस्तके एकच असली, तरी रात्री बारा वाजता ती उघडणारा हात वेगळा असतो.

मुलांनाही माझे दोन शब्द आहेत. निवड तुमची म्हटल्यावर हिशेबही तुमचा. आठवड्याचे ४५ तास खरोखर द्या. विषय झेपत नसेल तर कोर्स सोडण्याची मुदत टळण्याआधी सांगा, निकालाच्या दिवशी नको. दोन मेजर आणि वर एक मायनर अशी पाटी मित्राने लावली म्हणून आपणही लावू नका. 'एक ना धड भाराभर चिंध्या' ही म्हण क्रेडिटनाही लागू आहे. सत्राला १२ क्रेडिट घेतले तरी अमेरिकन पद्धतीत विद्यार्थी पूर्णवेळच धरला जातो. कमी घेऊन एखादे सत्र वाढले तर खर्च वाढेल, हे खरे. तो आकडा घरी मांडा, त्यावर बोला. एक सत्र वाढणे ही नामुष्की नव्हे, ती एक रक्कम आहे. आणि आईवडिलांनी दिलेल्या पैशाबद्दल कृतज्ञ राहा. कृतज्ञता आणि कर्ज या वेगळ्या गोष्टी आहेत. कर्ज फेडले की संपते, कृतज्ञतेला संपायचे कारण नाही.

राहिला 'मेजर आमचा, मायनर तुझा' चा प्रश्न. कोणाच्या मनात खरोखरच दोन विषय असतील, त्याने ते दोन्ही जरूर घ्यावेत. मायनर ही फार चांगली सोय आहे. पण मायनर हे सांत्वनपर बक्षीस म्हणून मुलाच्या हातात देऊ नये. खरी तडजोड हवी असेल तर दोघांनी काहीतरी सोडावे. मुलाने महागड्या विद्यापीठाचा हट्ट सोडावा आणि वडिलांनी विषयाचा. किंवा वडिलांनी दोन वर्षे विषय त्याच्यावर सोडावा आणि मुलाने कबूल करावे की दोन वर्षांनी दोघे मिळून गुणपत्रिका आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवून बसतील. अशा तडजोडीत ओझे दोघांच्या खांद्यांवर असते.

यंदा आपल्यापैकी ज्यांच्या घरी हे फॉर्म भरले जाणार आहेत, त्यांनी रकाने भरायच्या आधी एक संध्याकाळ राखून ठेवावी. टीव्ही बंद, फोन बाजूला. एका कागदावर वडिलांनी पैशाचा आकडा लिहावा, दुसऱ्यावर मुलाने आठवड्याच्या तासांचा. दोन्ही कागद एकमेकांना वाचून दाखवावेत, आणि विषयाच्या रकान्यात काय लिहायचे ते ज्याला पुढची चार वर्षे रात्री जागायचे आहे त्याने लिहावे.